बोलवीट

दुपारी सव्वाबाराला भिंत दोनदा वाजली. टक, टक.

तेवढाच आवाज. बाहेर कावळा नव्हता, रस्त्यावर गाडी नव्हती, डोक्यावरचा पंखा तास झाला बंद पडून होता. मृण्मयीने भिंतीशी ठेवलेलं लाटणं उचललं, मांडीवरच्या बाळाचं डोकं दुसऱ्या हाताने सावरलं आणि उलट दोन ठोके दिले.

"जाऊ द्याऽ," फरशीवर पालथी पडून चित्र काढणारी रानू पुटपुटली. ती पाच वर्षांची होती. आकडे तिला वीसपर्यंत यायचे आणि हा हेल त्याच्याही आधीपासून.

चंद्रपुरात त्या साली दुपारबंदीला सतरावं वर्ष लागलं होतं. फाल्गुन सरला की सकाळी दहा ते संध्याकाळी सहा कुणी घराबाहेर पडायचं नाही, असा तो कायदा. शाळा पहाटे पाचला भरायची आणि नऊला सुटायची. बाजार दिवस मावळल्यावर. अकरा वाजता वीज जायची, कारण एक्कावन्न अंशांत ताराही लोंबकळत. पाठोपाठ मोबाइलचे मनोरे आपणहून झोपी जात. म्हणजे अकरा ते सहा प्रत्येक घर एकटं. आत काय चाललंय ते आतल्यांनाच ठाऊक.

वर्धिनी वसाहतीत मात्र घरं एका ओळीत होती आणि दोन घरांत मिळून भिंत एकच. त्या भिंतीचा उपयोग शोधून काढला तो रोशनीआजीने.

रोशनी ठवरे, वय चौऱ्याहत्तर. तेहतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर. तिचा बापही कंडक्टर होता आणि त्याचा तिकिटं टोचायचा लोखंडी पंच तिने जपून ठेवला होता. तिच्या काळात तिकिटाची मशीनं आली, पंचाचं काम संपलं, पण ती तो खिशात ठेवून गाडीच्या दांडीवर वाजवायची. "नाईतर लोकायले कंडक्टर हाय हे समजतच नाई बाप्पा." आता तोच पंच ती भिंतीवर वाजवायची, सव्वाबाराला, दोनला आणि चारला. गाडीतल्या घंटीचाच नियम तिने घरांना लावला होता. दोन ठोके म्हणजे सगळं बरं आहे, जाऊ द्या. एक ठोका म्हणजे थांबा, इकडे या.

एक ठोका आजवर एकदाच पडला होता, आणि तो मृण्मयीने मारला होता. मार्चमधली दुपार होती. सातव्या महिन्यातच जन्मलेलं तिचं बाळ, धाकटी मुलगी, अजून नावही ठेवलं नव्हतं, सगळे छकुलीच म्हणायचे. त्या दुपारी छकुलीचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. सारंग, मृण्मयीचा नवरा, पाण्याचा टँकर चालवायचा. दुपारबंदीत तो डेपोतच अडकलेला असे. मृण्मयीने एक ठोका दिला आणि मिनिटभरात रोशनीआजी ओली चादर अंगावर गुंडाळून, आठ पावलांची तापलेली ओसरी अनवाणी ओलांडून दारात उभी राहिली. बाळ तिच्या हातातून घेऊन तिने माठातल्या पाण्याच्या घमेल्यात धरलं. "रडू नको व पोट्टी, मी चालत्या गाडीत दोन बाळंतपणं केली हायेत," असं म्हणत होती. आजीच्या तळव्यांना आलेले फोड पुढे तीन आठवडे गेले नाहीत.

डॉक्टरांनी नंतर स्पष्ट सांगितलं. या बाळाचं शरीर स्वतःला गार करायला अजून शिकलेलं नाही. खोली तेहतीसच्या वर जाता कामा नये. पुन्हा झटका आला तर मेंदूचं सांगता येणार नाही.

मृण्मयीची खोली दुपारी तीनला एकोणचाळीसवर असायची.

*

म्हणूनच एप्रिलच्या एका पहाटे सहा वाजता डॉ. हेमांगी गावंडे तिच्या ओट्यावर तीन तुकडे मांडून उभ्या होत्या. सरकारच्या पांघरूण योजनेत ज्या घरात तान्हं मूल, त्या घराचा पहिला नंबर, आणि भिंतींना आतून कोणतं पांघरूण घालायचं ते घरच्या बाईने ठरवायचं, असा नियम होता. गावंडे उष्म्याच्या प्रयोगशाळेत संशोधक. घरोघर जाणं त्यांचं काम नव्हतं, पण लोक कागद न वाचताच अंगठा देतात म्हणून त्या स्वतः यायच्या.

रोशनीआजीही चहाचा कप घेऊन आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि तिला त्याची गरजही वाटत नसे.

"हे तूस," गावंडे म्हणाल्या. कापडी पिशवीत भाताचं तूस ठासून भरलं होतं, उशीसारखं. "गोंदियाकडच्या गिरण्यांतून येतं. कीड आणि आग लागू नये म्हणून त्याला क्षार चोळतात. हा दुसरा तुकडा दगडी लोकर. आपला काळा दगड वितळवून त्याचे धागे काढतात, बुढ्ढी के बाल काढतात ना, तसे. आणि ही पोकळपाटी."

तिसरा तुकडा चकचकीत, वहीएवढा जाड आणि हलका होता. मृण्मयीने तो गालाला लावून पाहिला. गार नाही, गरमही नाही. कशाचाच स्पर्श नसल्यासारखा.

"ह्याच्यात का भरलं हाय?" आजीने विचारलं.

"काहीच नाही. तेच तर. आतली हवासुद्धा काढून घेतलेली आहे. दोन पत्रे आणि मध्ये निर्वात पोकळी. पत्रे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून कोळ्याच्या जाळ्याहून बारीक धागे."

"म्हंजे सरकार आमाले खाली डबा देऊन राहिलं."

गावंडे हसल्या. "आजी, उष्णता म्हणजे काय असतं, सांगू? धक्काबुक्की. प्रत्येक वस्तू बारीक कणांची बनलेली असते आणि ते कण सारखे थरथरत असतात. तापले की जास्त थरथरतात आणि शेजारच्याला ढकलतात. तो त्याच्या शेजारच्याला."

"खचाखच गाडीत मागच्यानं ढकललं का दारातला खाली पडते, तसं."

"अगदी तसंच! बाहेरून ऊन विटेला ढकलतं, वीट आतल्या गिलाव्याला, गिलावा तुमच्या खोलीतल्या हवेला. आता तूस म्हणजे विरळ गर्दीची गाडी. धक्का पोचतो, पण उशिरा. बाराचं ऊन आत यायला संध्याकाळ होते. लोकर म्हणजे आणखी विरळ. आणि पोकळपाटी म्हणजे रिकामी गाडी. ढकलणार कोण आणि कोणाला? थोडी उष्णता किरणांनी येते, ती हा चकचकीत पत्रा परत पाठवतो."

मृण्मयीला एवढंच हवं होतं. "मॅडम, आकडा सांगा. तीन वाजताचा."

"तुसाने छत्तीस. सलग चार दिवस लाट असेल तर बेचाळीस, कारण रात्रीही गार होत नाही आणि तूस तापून बसतं. लोकरीने साडेचौतीस." गावंडेंनी तिसरा तुकडा पुढे सरकवला. "पाटीने एकतीस."

मग निवडायचं काय होतं? मांडीवरचं बाळ झोपेत हसलं. त्या हसण्यात तिच्या वरच्या हिरडीवरचा पांढरा ठिपका दिसला, उद्या-परवा येणाऱ्या दाताचा. मृण्मयीने पाटीवर बोट ठेवलं.

रोशनीआजी कप खाली ठेवून भिंतीकडे बघत होती.

"मॅडम," ती म्हणाली, "आवाज बी ढकलाढकलीच असते ना वं?"

गावंडेंनी तिच्याकडे चमकून पाहिलं. त्यांनी शेकडो घरांत हेच समजावून सांगितलं होतं आणि हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. "हो. आवाज म्हणजेही धक्काच. एका कणाने दुसऱ्याला दिलेला."

"मंग रिकाम्या गाडीत मी घंटी मारली, तर डायवरले नाई ऐकू येणार."

"नाही येणार." गावंडेंचा स्वर उतरला. "जे उष्णतेला अडवतं, ते आवाजालाही अडवतं. पोकळीत दोघांचीही वाट एकदमच बंद होते."

मृण्मयीने विचारलं, "तेवढी एक भिंत सोडली तर? आमची दोघींची मधली?"

"पलीकडे कोणतं पांघरूण आहे?"

"मी तूस सांगितलं, फक्त बाहेरच्या भिंतीयले," आजी म्हणाली. "म्हाताऱ्यांचा नंबर पुढच्या साली हाय. आत्ता फुकटात तूसच भेटते."

"मग लाटेत ती भिंत पलीकडून बेचाळीसवर जाईल. ती उघडी ठेवणं म्हणजे बाळाच्या पाळण्याशेजारी शेगडी ठेवणं."

तोडगा शेवटी पाट्या बसवायला आलेल्या मिस्त्रीनेच काढला. इतर वस्त्यांतही बायकांनी असाच हट्ट धरला होता म्हणे. मधल्या भिंतीवर एकच वीट उघडी ठेवायची, दोन्हीकडचा गिलावा खरवडून. नऊ इंच लांब, तीन इंच उंच. मिस्त्री लोक तिला बोलवीट म्हणत. गावंडेंना ती पसंत नव्हती. "गार पाण्याच्या भांड्याला पाडलेलं भोक आहे ते," त्या म्हणाल्या. "लहान आहे, पण भोक आहे." तरी त्यांनी कागदावर सही केली.

जाताना दारात त्यांनी मृण्मयीला आणखी एक गोष्ट सांगितली. "पाटी बाहेरचं ऊन आत येऊ देत नाही, तशी आतली ऊबही बाहेर जाऊ देत नाही. आणि माणूस म्हणजे शंभर वॅटचा दिवा असतो. बसल्या जागी तेवढी उष्णता फेकतो. पहाटे फरशीत आणि पाण्याच्या पिंपांत जो गारवा साठवाल, तो तुम्हा तिघींना संध्याकाळपर्यंत पुरेल. चौथं माणूस आत आलं तर दोन तास आधी संपेल."

तुसाचा तो नमुन्याचा तुकडा त्या तिथेच विसरल्या. रानूने तो बाहुलीची उशी म्हणून ताब्यात घेतला.

*

पाट्या बसल्या आणि घर मुकं झालं.

मृण्मयीला वाटलं होतं, शांतता म्हणजे सुख. पण ही शांतता वेगळी होती. छकुलीच्या घशातून उतरणारा दुधाचा घोट ऐकू यायचा. रानूने पेन्सिल ठेवली तर दचकायला व्हायचं. दुपारी काही मिनिटं मोकळी मिळायची, दोन्ही मुली झोपल्यावर. तेव्हा मृण्मयी त्या दोघींच्या मधोमध आडवी व्हायची आणि एकीचा श्वास एका कानाने, दुसरीचा दुसऱ्या कानाने ऐकत पडायची. एकतीस अंश. आपल्या हाताने मिळवलेले एकतीस अंश. तिला रडू यायचं, इतकं बरं वाटायचं.

आणि सव्वाबाराला, दोनला, चारला त्या एका विटेतून, लांबच्या विहिरीतून यावेत तसे दोन ठोके यायचे.

मे महिन्याच्या मध्यावर लाट आली.

पहिल्या दिवशी त्रेपन्न. दुसऱ्या दिवशी पहाटे नळावर मृण्मयीने आजीला बजावलं, "आज दुपारी आमच्याकडेच थांबायचं. काही ऐकणार नाही मी."

आजी आली. येताना पत्ते आणि आमसुलाचं पाणी घेऊन आली. रानूला तिने तीनपानी शिकवली आणि दोनदा उघडउघड फसवून हरवलं. "कंडक्टरशी सुट्ट्यावरून अन् पत्त्यावरून भांडू नोको," म्हणाली. रानू खिदळत होती. मृण्मयीही हसत होती, पण तिचा डोळा भिंतीवरच्या पाऱ्यावर होता. तीन वाजता बत्तीस-चार. साडेतीनला तेहतीस. चारला तेहतीस-चार, आणि छकुली हाक मारली तरी डोळे पूर्ण उघडेना. मृण्मयीने ओल्या फडक्याने तिचं अंग पुसायला घेतलं. पाऱ्याकडे बघायचं टाळून ती पुसत राहिली. मान वर केली तेव्हा पाऱ्याकडे आजी बघत होती.

संध्याकाळी बाळ सावरलं.

तिसऱ्या दिवशी नळावर आजी आपणच म्हणाली, "मले नाई करमत व तुझ्या घरात. मुकं घर हाय ते. माह्यं तूसच बरं, कुत्रं भुंकलेलं तरी ऐकू येते."

"अवो आजी, पण..."

"अन् तुह्या पोट्टीले पत्ते खेळता येत नाई. तिच्यासंगं कोण बसन?"

मृण्मयीला कळलं की आजीला कळलं होतं. आजीलाही कळलं असणार, की मृण्मयीला कळलंय. दोघींनी आपापल्या घागरी भरल्या.

पाचव्या दिवशी पहाटे आजी नळावर उशिरा आली. घागर अर्धीच भरून निघाली. ओठ फुटले होते. रानूला तिने तिच्या नावाऐवजी दुसऱ्याच कुठल्या नावाने हाक मारली आणि मग स्वतःच हसली.

"बरं वाटतंय ना?" मृण्मयीने विचारलं.

"पाय जड झाले फक्त. डबल ड्युटी केल्यावानी."

आमच्याकडे या. दोन शब्द होते. ते मृण्मयीच्या जिभेवर येऊन बसले. तिने कडेवरच्या छकुलीकडे पाहिलं. बाळाने तिच्या मंगळसूत्राची वाटी तोंडात घातली होती आणि नव्या दाताने ती चावत होती.

"ठोके द्या हं वेळेवर," ती म्हणाली.

"तेहतीस वर्षांत माही गाडी कधी लेट नाई गेली," आजी म्हणाली आणि भिंतीला हात टेकत टेकत आत गेली.

*

सव्वाबाराला दोन ठोके आले. मृण्मयीने दोन दिले.

एक वाजता पारा बत्तीसवर होता. एवढ्या लवकर तो कधी चढला नव्हता. पाच दिवसांत फरशी गार झालीच नव्हती, पिंपांतलं पाणी पहाटेही कोमटच होतं. आता गारवा कुठून येणार? दीड वाजता बत्तीस-चार. छकुली कण्हायला लागली. तिचा पाळणा मधल्या भिंतीच्या कोपऱ्यात होता, कारण घरातली सगळ्यात गार फरशी तिथली. पाळण्याच्या वर हातभर अंतरावर बोलवीट होती.

मृण्मयीने विटेवर तळहात ठेवला आणि झटकन काढला. तापाने फणफणलेल्या कपाळाला हात लागावा तसा. विटेसमोर हात धरला तरी झळ जाणवत होती, बारीक, सरळ, पाळण्यावर उतरणारी. भांड्याला पाडलेलं भोक.

पावणेदोन. बत्तीस-सात. बाळाच्या टाळूवरची कातडी उडत होती, भराभर.

ती दोन वाजेपर्यंत थांबली. तेवढं तिने नक्की केलं. पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला हेच सांगणार होती, की मी दोनपर्यंत थांबले.

दोनला ठोके आले. टक. मग बराच वेळ गेल्यासारखा वाटला. मग टक.

ते दोनच होते. मधे जरा जास्त वेळ गेला होता, पण दोन म्हणजे जाऊ द्या. मृण्मयीने लाटण्याने दोन दिले. मग रानूच्या बाहुलीखालची तुसाची उशी ओढून घेतली आणि विटेवर दाबून धरली. वर गोधडीची चौपदरी घडी. ती सरकू नये म्हणून कपड्यांची पेटी उभी करून टेकवली.

"आई, आजीचं दार बंद केलंस?" रानूने विचारलं.

"दोन तासच गं राणी. चारच्या ठोक्याला उघडू. बाळाला गरम होतंय ना."

अडीचला पारा बत्तीस-नऊ. तीनलाही बत्तीस-नऊच. तिथेच थांबला. छकुलीचं कण्हणं हळूहळू ओसरलं, ती दूध प्यायली, पितापिताच झोपली. मृण्मयी चार रात्रींची जागी होती. डोळे मिटायचे नाहीत असं ठरवून ती पाळण्याशेजारी टेकली. तिची बोटं बाळाच्या छातीवर होती. छाती वर होत होती, खाली होत होती. घर इतकं शांत होतं.

जाग आली तेव्हा घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

तिने पेटी ढकलली, गोधडी फेकली, उशी ओढून काढली. लाटण्याने दोन ठोके दिले. वाट पाहिली. पुन्हा दोन. मग एक.

वीट गप्प होती.

रानूला बाळापाशी बसवून, पिंपात बुडवलेली चादर डोक्यावर घेऊन ती बाहेर पडली. आठ पावलं. दार नुसतं लोटलेलं होतं.

रोशनीआजी भिंतीशी बसली होती, पाय पसरून, डोकं विटेच्या बाजूला कललेलं. माठ चार हातांवर होता आणि त्यात पाणीही होतं. खोली माणसाच्या तोंडाच्या आत असते तशी गरम होती. पंच तिच्या मुठीत होता. तो सोडवायला सारंगला रात्री दोन्ही हात लावावे लागले.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे नोंदीसाठी डॉ. गावंडे आल्या. प्रेत तोवर नेलं होतं. आजीच्या रिकाम्या खोलीत त्या आणि मृण्मयी उभ्या होत्या. छकुली मृण्मयीच्या खांद्यावर होती, ताजीतवानी, तिच्या केसांशी खेळत. रानू मागे मागे आली होती, तिला कुणी परत पाठवलं नाही.

"तीनच्या सुमारास असावं," गावंडे म्हणाल्या. "डॉक्टरांचा अंदाज. दोन ते चार बोलवीट उघडी होती?"

हो म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? मृण्मयीने खाली बघत सांगितलं, "झाकली होती. मीच."

"बाळाचा पारा?"

"बत्तीस-नऊला थांबला."

"आणि झाकली नसती तर?"

"तुम्हीच सांगा."

गावंडेंनी मनात काहीतरी हिशेब केला. "तेहतीसच्या पुढे गेला असता. साडेतेहतीस, कदाचित पावणेचौतीस." त्यांनी हातातला कागद मिटला. "या जिल्ह्यात अकरा वस्त्यांना पाट्या बसवल्या आपण. त्या घरांत या लाटेत एकही मूल गेलं नाही. एकही नाही. पूर्वी दर उन्हाळ्यात पंधरा-वीस जायची. माझ्या अहवालात हे पहिलं वाक्य आहे."

"आणि दुसरं?"

"त्यांच्या शेजारच्या घरांचं आहे. तिथे माणसं पूर्वीही जात. पण पूर्वी कुणीतरी ऐकायचं, धावायचं, त्यातली निम्मी वाचायची. आता संध्याकाळी सापडतात. काही ठिकाणी तिसऱ्या दिवशी." त्या त्या विटेकडे बघत होत्या. "सात घरांत बोलवीट ठेवली होती. सातही घरांत ती झाकलेली सापडली, मृण्मयी. कुठे गादी, कुठे पीठ मळून लिंपलेलं. सातही घरांत तान्हं बाळ होतं. आता पुढच्या वस्तीत बायका विचारतील, वीट ठेवू का, तर मी काय सांगू?"

छकुलीने जांभई दिली आणि आपलं गरम, जिवंत तोंड तिच्या मानेत खुपसलं. मृण्मयीने तिला आणखी घट्ट धरलं. इतकं घट्ट, की बाळ कुरकुरलं.

रानू विटेपाशी चवड्यांवर उभी होती. या बाजूने वीट दिसतच नव्हती जवळजवळ. तिच्या कडा उडाल्या होत्या, लाल भुगा खाली फरशीवर सांडला होता आणि विटेवर, विटेच्या खाली, गिलाव्यावरही, हात जिथवर पोचला असेल तिथवर पंचाचे खड्डे होते. वरचे खोल, खालचे उथळ. अगदी तळाशी नुसते ओरखडे. रानू एकेका खड्ड्यात बोट घालून मोजत होती. वीसपर्यंत गेली. मग तिला पुढचे आकडे येईनात, म्हणून पुन्हा एकपासून सुरू केलं, आणि पुन्हा वीस झाले तरी खड्डे उरलेच.

तिने मागे वळून पाहिलं. बोट लाल झालं होतं.

"आई," ती म्हणाली, "दोन म्हणजे जाऊ द्या, अन् एक म्हणजे थांबा, इकडे या. मग एवढे सगळे म्हणजे काय?"